सूप खाली ठेवण्याआधी

(आमच्या केंद्रावरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)



सोलापुरातल्या विडी कामगार मैत्रिणींकडून आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने येतो आहे. कुणी म्हणतं, आठवड्यातून मोजक्याच दिवशी पान-तंबाखू मिळतो, बाकीचे दिवस काय करायचं? कुणी म्हणतं, सून विडी वळायला तयार नाही, तिला काय शिकवू? आणि बऱ्याच जणी सरळ विचारतात, शिवणकामाच्या वर्गाला नाव घालू का? आज आपण त्यावरच बोलणार आहोत. वर्गाला नाव जरूर घाला. पण त्याआधी दोन-चार गोष्टी पाहून घ्यायच्या आहेत, कारण नवीन काम शिकण्यापेक्षा जुन्या कामातून नव्या कामात जाणं अवघड असतं. शिकवायला सगळे येतात, ओलांडून न्यायला कुणी येत नाही.

विडी वळणं म्हणजे बिनकौशल्याचं काम असं समजणाऱ्यांनी एक दिवस सूप मांडीवर घेऊन बसून बघावं. रात्री पान भिजवायचं, सकाळी पुसून, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायचं, शिरा काढायच्या, चिमटीत बरोबर तेवढाच तंबाखू घ्यायचा, बोटांनी वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड बंद करायचं. असं हजार वेळा, आणि मध्ये स्वयंपाक, पाणी, पोरांची शाळा. संध्याकाळी कारखान्यात पंचवीस-पंचवीसचे कट्टे मोजून द्यायचे. त्यातल्या पसंत न पडलेल्या विड्या छाटून बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत आणि पान-तंबाखूचा हिशेब मात्र तुमच्याच माथ्यावर. तरीही महिन्याचं गणित जुळवणारी बाई ही कुशल कामगार आहे. तिच्याकडे बोटांची चपळाई आहे, नगावर मिळणाऱ्या मजुरीचा हिशेब आहे, आपला वेळ आपण बांधायची सवय आहे. नव्या कामात हे सगळं उपयोगी पडतं. नवीन शिकायला जाताना ‘मला काही येत नाही’ असं म्हणत जाऊ नका.

हे काम का आटतंय, ते आपल्याला माहीत आहे. विडीने माणसाची फुप्फुसं जातात, वळणारीच्या अंगातही तंबाखूची धूळ जाते. त्यामुळे विडीचा खप वाढावा अशी प्रार्थना आम्ही करणार नाही. २००३ साली तंबाखूविरोधी कायदा आला, २०१६ पासून पुडक्यावर मोठ्या आकाराचं इशारा देणारं चित्र आलं, २०१७ साली विडीवर २८ टक्के जीएसटी लागला. शिवाय तरुण मुलं विडी ओढायला लाजतात, ती सिगारेटकडे जातात. विडी कमी होणं समाजाच्या भल्याचंच आहे. पण त्या भल्याची किंमत वळणारीने एकटीने का चुकवावी, हा प्रश्न उरतोच.

सोलापूरला कामं बदलणं नवीन नाही. इथल्या कितीतरी पद्मशाली घरांचे आजे-पणजे तेलंगणातल्या खेड्यांतून माग घेऊन आले. त्यांच्यामुळे चादर झाली, टॉवेल झाले. नंतर गिरण्या आल्या, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू ही नावं आपल्या घरातल्या थोरल्या माणसांच्या तोंडी असतात. त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा कामाविना घरी बसलेल्या पुरुषांची घरं कुणी चालवली? मांडीवर सूप घेतलेल्या बायकांनी. तेव्हा त्याला कुणी पुनर्वसन म्हटलं नाही.

मुंबईतही हेच झालं. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप विधिवत संपला असं कधी झालंच नाही, आणि हजारो कामगार पुन्हा कामावर गेले नाहीत. साचा चालवणारा माणूस साच्यावर राजा होता, पण गिरणीच्या फाटकाबाहेर ते कौशल्य विकत घेणारं कुणी नव्हतं. कुणी भिवंडीला, कुणी इचलकरंजीला पॉवरलूमवर गेला, तोच धागा, जास्त तास, कमी मजुरी, पीएफ नाही. कुणी गावी परतला, कुणी भाजीची गाडी लावली. सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. १९८६ साली बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधीची योजना आली. तीत पहिल्या वर्षी मजुरीच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम मिळायची. कल्पना चांगली होती, कारण नवीन काम अंगवळणी पडेपर्यंत चूल पेटती राहिली पाहिजे हे तिने ओळखलं होतं. पण गिरणी कायमची बंद झाली आहे हे आधी सिद्ध व्हावं लागायचं, आणि आज उघडेल, उद्या उघडेल अशा अवस्थेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गिरण्यांच्या कामगारांना ती कागदावरच राहिली. पुढे १९९२ साली राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला, त्यात कामगारांना नवीन कौशल्यं शिकवायची असं ठरलं होतं. त्यातला बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देण्यात गेला, शिकवण्यावर फार थोडा.

गिरणगावातल्या बायकांची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे. एकट्याने राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिलं, म्हणजे किराणा दुकानदाराच्या आणि सावकाराच्या व्याजातून सोडवलं. यात कुणी त्यांना नवीन काही शिकवलं नव्हतं. भाजी-भाकरी त्या आधीपासूनच करत होत्या. अडलं होतं ते भांडवलावर आणि एकटेपणावर. म्हणून कुणी ‘बायकांना कौशल्य नाही’ असं म्हटलं की आम्ही आधी विचारतो, नक्की काय नाही? कौशल्य नाही, की पैसा नाही, की जायला बस नाही?

आता शिवणकामाकडे येऊ. सोलापुरात तयार कपड्यांचे, विशेषतः शाळेच्या गणवेशांचे कारखाने बरेच आहेत, इथला गणवेश दूरदूरच्या राज्यांत जातो. तिथे हात लागतात हे खरं. पण वर्गात जे शिकवतात आणि कारखान्यात जे लागतं त्यात पुष्कळदा अंतर असतं. वर्गात पायाच्या मशीनवर ब्लाउज, फ्रॉक, पेटीकोट शिकवतात. कारखान्यात विजेवर सुसाट चालणारं मशीन असतं. एक जण दिवसभर फक्त कॉलर लावते, दुसरी फक्त खिसे, तिसरी काज-बटण. तिथे पूर्ण कपडा शिवता येण्यापेक्षा एक काम वेगात आणि सरळ रेषेत करता येणं महत्त्वाचं. म्हणून वर्गात नाव घालण्याआधी विचारा: मशीन विजेवरचं आहे का? ओव्हरलॉक शिकवणार का? वर्ग संपल्यावर काम कोण देणार, त्या कारखान्याचं नाव काय, तो कुठे आहे? याआधी शिकून गेलेल्या दोन बायकांशी बोलायला मिळेल का? या शेवटच्या प्रश्नावर वर्ग चालवणारे गप्प बसले तर तुम्हीही घरी बसा, फार काही बिघडणार नाही.

गणवेशाच्या धंद्याला हंगाम असतो, हेही आधी कळलेलं बरं. शाळा जूनमध्ये उघडतात, त्याआधीचे महिने श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि नंतर काम ढिलं पडतं. नव्याने येणारीने हे पाहून पाऊल टाकावं. नगावर मजुरी असेल तर पहिले काही आठवडे हात बसेपर्यंत विडीपेक्षाही कमी पैसे पडतील. हा मधला काळच बायकांना माघारी पाठवतो. चार आठवड्यांत ‘मला जमत नाही’ म्हणून परत सुपाशी बसलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना जमत होतं, पण दुकानदाराची उधारी थांबत नव्हती. बचत गटातून या दोन-तीन महिन्यांसाठी थोडं कर्ज आधीच ठरवून ठेवता आलं तर ठेवा. विडीचे थोडे दिवस सुरू ठेवून अर्धा दिवस शिकायला जाता आलं तर तेही बरं.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेबद्दल खूप जणी विचारतात. ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीत अठरा कारागिरी धरल्या आहेत. शिंपीकाम आहे, विडी नाही. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, असं तिचं स्वरूप आहे. एका घरातून एकालाच. पण ही योजना ते काम आधीपासून स्वतःच्या हिमतीवर करणाऱ्यासाठी आहे. जी घरी खरोखर ब्लाउज शिवते तिने जरूर अर्ज करावा. जिने मशीनला हातही लावलेला नाही तिला ‘शिंपी लिहून देतो, हजार रुपये द्या’ म्हणणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. नोंदणीला पैसे लागत नाहीत. खेड्यातल्या मैत्रिणींसाठी बँका चालवतात ती ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला आरसेटी म्हणतात. तिथे शिकणं, राहणं, जेवण सगळं मोफत.

मशीनकडे जाण्याआधी डोळे तपासा. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण याकडे कुणाचं लक्ष नसतं. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, हा आजार नाही, वय आहे. विडी स्पर्शाने वळता येते, डोळे मिटूनही बोटं चालतात. सुईत दोरा तसा ओवता येत नाही. मग शिकवणारी म्हणते बाई मंद आहे, आणि बाईलाही ते पटतं. आसामच्या चहाच्या मळ्यात चाळीस आणि त्यावरच्या सुमारे साडेसातशे कामगारांवर एक अभ्यास झाला होता, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या कामगारांना जवळचा चष्मा लगेच दिला, अर्ध्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची वाढ दुसऱ्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त निघाली. त्यांना नवीन काही शिकवलं नव्हतं, फक्त दिसायला लागलं होतं. सरकारी दवाखान्यात डोळे मोफत तपासतात, वर्गाच्या पहिल्या दिवसाआधी जाऊन या.

आता पीएफ. हा भाग नीट ऐका, शेजारणीलाही बोलवा.

विडी कामगारांना १९७७ पासून भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू झाला. कारखानदारांचं म्हणणं होतं की घरी बसून वळणाऱ्या बायका आमच्या कामगारच नाहीत, त्यांच्यावर आमची देखरेख कुठे आहे? १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. न्यायालय म्हणालं, नापसंत विडी नाकारण्याचा हक्क तुमच्याकडे आहे ना, मग हीच तुमची देखरेख. ज्या छाटणीला आपण जन्मभर शिव्या घालतो, तिनेच आपल्याला कामगार ठरवलं. हे ऐकून आमच्या एका बैठकीत बायका खूप वेळ हसत होत्या.

तर हा पीएफ तुमचा आहे आणि काम बदलताना तो तुमच्याबरोबर आला पाहिजे. पीएफचे दोन भाग असतात, एक साठवलेली रक्कम आणि दुसरा पेन्शनचा. पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची नोंदलेली नोकरी लागते. ती एकाच मालकाकडे हवी असं नाही, वेगवेगळ्या ठिकाणची वर्षं जोडली जातात. समजा एक अक्का आहेत, वय सेहेचाळीस, विडीत नोंदलेली नोकरी आठ वर्षं. काम सोडलं आणि कुणीतरी फॉर्म भरून दिला, सगळे पैसे काढले. हातात आले ते थोडे हजार, ते घरच्या कौलांवर किंवा लेकीच्या बाळंतपणावर गेले. आणि ती आठ वर्षं पुसली गेली. पुढे गणवेशाच्या कारखान्यात त्या पुन्हा शून्यापासून मोजायला लागतील. त्याऐवजी पेन्शनचा भाग न काढता योजना प्रमाणपत्र घेतलं, किंवा जुनं खातं नव्या कारखान्याशी जोडून घेतलं, तर दोन वर्षांत दहा पूर्ण होतात आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन सुरू होते. किमान पेन्शन २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. हजार रुपयांत काय येतं, ते आम्ही रोज बाजारात पाहतो. पण ते मरेपर्यंत येतात, आणि तिच्यामागे नवऱ्यालाही त्यातला वाटा मिळतो. औषधाच्या पैशांसाठी मुलापुढे हात पसरावा लागत नाही, याला काही मोल आहे.

अडचण येते ती नावाची. कारखान्याच्या जुन्या रजिस्टरात माहेरचं नाव, आधारवर सासरचं. तेलुगू घरात आडनाव आधी लिहिलेलं, मराठी कारकुनाने ते मधलं नाव केलेलं. जन्मसाल अंदाजाने टाकलेलं. काम सुरू असेपर्यंत हे कुणाला टोचत नाही, पैसे काढायच्या दिवशी टोचतं. दुरुस्तीसाठी मालक आणि कामगार यांच्या सहीचं संयुक्त जाहीरनामापत्र लागू शकतं. तुम्ही काम सोडून चार वर्षं झाली आणि ती शाखाच बंद झाली, तर सही कुणाची आणणार? म्हणून कारखाना चालू आहे, मुनीम ओळखीचा आहे, तोवर नाव दुरुस्त करा. बारा आकडी यूएएन नंबर लिहून घ्या, तो आधारशी जोडलाय का पाहा, पासबुकात सगळ्या महिन्यांची भरणा दिसते का ते शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

नव्या ठिकाणीही विचारायचं असतं. वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ लागू होतो. कारखान्यात दहा किंवा जास्त असतील तर राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय. अठरा मशीनच्या शेडमध्ये रोजचे पैसे विडीपेक्षा जास्त पडतील, पण पीएफ थांबेल. काही मालक मुद्दामच एकाच छताखाली दोन नावांनी धंदा करतात, ते काय म्हणून करतात हे सांगायला नको. शिवाय विडीचं ओळखपत्र, त्यावरचा दवाखाना आणि मुलांची शिष्यवृत्ती आईच्या विडीकामावर अवलंबून असते. मुलगा दहावीला असेल तर आईने याच वर्षी विडी सोडावी का, याचा विचार घरानेच करायचा आहे. बाहेरचे लोक ‘बायका बदलायला तयार नसतात’ म्हणतात तेव्हा त्यांना हा हिशेब माहीत नसतो.

राहतं अंतराचं. कुंभारीजवळ विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचं वाटप झालं. नंतर रे नगरची घरं झाली, त्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. बाईच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर, याहून मोठी गोष्ट नाही. पण घर शहराबाहेर आणि शिवणकामाचा कारखाना शहरात असेल, तर बसचं भाडं आणि दोन तास रोज जातात. विडीचं काम दारात येत होतं, हे तिचं फार मोठं बळ होतं. त्यामुळे आमची मागणी अशी की वर्गाबरोबर बसची वेळ आणि पाळणाघर यांचंही बोलणं झालं पाहिजे. वस्तीतच दहा-वीस जणींनी मिळून विजेवरची मशीन टाकली आणि कापलेला माल कारखान्याने पाठवला, तर कितीतरी जणींचा प्रश्न सुटेल.

कुणाला गावच सोडावं लागतं, भिवंडीला, सुरतला, हैदराबादला. २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या स्थलांतरित स्त्रियांपैकी सुमारे ८७ टक्के लग्नामुळे गाव सोडून आलेल्या निघाल्या. म्हणजे गाव बदलायची आपल्याला सवय आहे, फक्त तिथे काम काय मिळेल हे विचारून कुणी आपल्याला पाठवलं नव्हतं. आता जाताना विचारा. रेशनकार्ड आता देशात कुठेही चालतं. कुटुंबातले दोघं सुरतला आणि सासू-मुलं सोलापुरात असतील तर थोडं धान्य तिथे, थोडं इथे घेता येतं. त्यासाठी आधार जोडलेलं हवं आणि कार्डावर जाणाऱ्याचं नाव हवं. मूळ कागद मुकादमाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. जाण्यासाठी उचल घेतली असेल तर ती किती, कशी फिटणार, हे दोन माणसांसमोर बोलून घ्या.

पीएफ कार्यालयाचं शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात भरतं, त्या दिवशी सुट्टी असली तर दुसऱ्या कामाच्या दिवशी. ठिकाण दर वेळी बदलू शकतं, आम्ही आदल्या दिवशीच्या कार्यक्रमात सांगू. येताना आधार, बँकेचं पासबुक, विडीचं ओळखपत्र आणि मजुरीची जुनी चिठ्ठी असेल तर ती घेऊन या. वाचता येत नसेल तर शाळकरी मुलीला बरोबर आणा, आणि कुठल्याही कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.